घोडे किती आणि ओझं किती

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची, गाडीची ताकद आणि गाडीचं वजन याविषयीची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. आधी एक खुलासा. खाली जिथे जिथे एचपी म्हटलंय तिथे मेट्रिक हॉर्सपॉवर धरावी, म्हणजे ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याइतकी ताकद. या व्याख्येतच ओझं आहे, हे मला फार आवडतं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे अल्पाइन ए११० ही छोटी, हलकी गाडी आहे, २५२ एचपीची. माझ्या मेहुण्याने नवी बीएमडब्ल्यू एम५ घेतली, ७२७ एचपी. त्याचं म्हणणं, एवढी ताकद असली की वजन कळतसुद्धा नाही, वजनाच्या गप्पा आता जुन्या झाल्या. आम्ही दोघं अधूनमधून ट्रॅकवर जातो. सरळ पट्ट्यावर तो मला सहज मागे टाकतो. पण वळणं लागली की मी त्याच्या बंपरला चिकटलेला असतो, आणि चौथ्या-पाचव्या फेरीनंतर तो गाडी बाहेर काढून थंड करत बसतो. नक्की कोणाचं खरं?

उत्तर : तुमच्या मेहुण्यांचं एका बाबतीत अगदी खरं आहे, ते आधी सांगते.

वेग वाढला की गाडी मुख्यतः हवेशी भांडत असते, आणि हवेला तुमचं वजन कळत नाही, तिला फक्त आकार कळतो. नेहमीच्या आकाराच्या गाडीला ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला साधारण ११-१२ एचपी पुरतात. २५० ला तेच काम १८० च्या आसपास मागतं आणि ३०० ला ३१० च्या घरात जातं. वेग तिप्पट झाला तर ताकद सत्तावीसपट लागते. तिथे हलकेपणा कामाला येत नाही, घोडेच लागतात. तुमच्या ट्रॅकचा सरळ पट्टा लांब असेल तर मेहुणे पुढे जाणारच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पण त्या घोड्यांचं मोलही बघा. मॅक्लारेन एफ१ ही १९९२ साली लोकांसमोर आली. ६२७ एचपी, वजन १,१३८ किलो. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. पुढे २००५ ची बुगाटी व्हेरॉन १,००१ एचपी घेऊन आली, तेव्हा ती ४०७ ला पोचली. पावणेचारशे घोडे जास्त, आणि कमाई २१ किलोमीटरची. दोन्ही गाड्यांचे आकार वेगळे आहेत, सगळा हिशोब एकाच गोष्टीवर टाकता येत नाही, हे मान्य. तरी व्हेरॉनचं वजन १,८८८ किलो का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. एवढं इंजिन तापतं, ते थंड ठेवायला त्या गाडीत दहा रेडिएटर बसवावे लागले. रेडिएटर आले की पाणी आलं, नळ्या आल्या, ते सगळं पेलायला जाड सांगाडा आला. एवढं धूड थांबवायला मोठे ब्रेक, मोठ्या ब्रेकसाठी मोठी चाकं. ताकद एकटी कधीच येत नाही, बिऱ्हाड घेऊन येते.

आता एम५ चंच घराणं घ्या. १९८५ ची पहिली एम५ २८६ एचपीची आणि साधारण १,४३० किलोची होती. आजची ७२७ एचपीची आहे आणि २,४३५ किलोची. चाळीस वर्षांत हजार किलो वाढले. तिच्या आधीची, २०१७ साली आलेली एम५ ६०० एचपी आणि १,८५५ किलोची होती. कंपनीच्याच आकड्यांनी ती ३.४ सेकंदांत १०० चा वेग गाठायची. नवीला ३.५ सेकंद लागतात! सव्वाशेहून जास्त घोडे वाढले आणि सेकंदाचा दहावा भाग गेला. टनामागे हिशोब केला की कारण लगेच दिसतं. जुनीत टनामागे ३२३ एचपी होते, नवीत २९९ आहेत. नवी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आली, मोटर आली, गाडी लांब-रुंदही झाली. मी नव्या गाडीला नावं ठेवत नाही. नुसत्या विजेवर शांतपणे गल्लीतून निघून जाणारी आणि रात्रभर हायवेवर न थकवता नेणारी गाडी म्हणून ती उत्तमच आहे. शिवाय अपघातात माणूस वाचावा म्हणून गाड्यांत जे वजन आलं, त्यातलं एक किलोही मला कधी खुपलं नाही. पण ‘वजन कळत नाही’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. वजन कुणाला ना कुणाला कळतंच. तुम्हाला सीटवर नसेल कळत, पण टायरला कळतं आणि ब्रेकला कळतं.

ब्रेकचंच बघू. चालक धरून तुमची गाडी १,२०० किलोची आणि त्यांची २,५०० ची समजा. सरळ पट्ट्याच्या शेवटी दोघंही १८० वरून ७२ वर येता. त्या चार-पाच सेकंदांत तुमच्या गाडीला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते तेवढ्यात नळाचं पावणेचार लिटर पाणी उकळीला येईल. त्यांच्या गाडीच्या ऊर्जेत पावणेआठ लिटर. हे एका वळणापुरतं झालं. फेरीत अशी सहा-सात वळणं असतात, आणि दोन वळणांच्या मध्ये डिस्कला, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला आवळतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, निवायला किती वेळ मिळतो ते तुम्ही स्वतः बघताच. हायब्रिडमध्ये यातली थोडी ऊर्जा मोटर परत बॅटरीत ओढते, पण जोरात ब्रेक मारला की मोठा वाटा पॅड आणि डिस्कच्याच अंगावर येतो. मेहुणे चौथ्या-पाचव्या फेरीला बाहेर येतात ते शहाणपणाचंच करतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधरा वर्षं मी ट्रॅकवर येणाऱ्या गाड्यांचं सस्पेन्शन जुळवून द्यायचं काम केलं. एकदा दोन टनांच्या वरची, सहाशेच्या वर एचपीची एक गाडी घेऊन मी मालकाला शेजारी बसवून निघाले. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळं छान. तिसऱ्या फेरीत पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबलं तर ते जरा जास्त खाली गेलं. वास आधीच येत होता, जळक्या पॅडचा तो उग्र वास. पुढच्या वळणाला पेडल स्पंज दाबल्यासारखं मऊ लागलं आणि जवळजवळ तळाला टेकलं. मी दोनदा पंप केलं, गिअर खाली घेतले, आणि गाडी वळणाबाहेरच्या मोकळ्या वाळूत सोडून दिली. आम्हा दोघांना काही झालं नाही. चाक काढून बघितलं तर पॅडमध्ये अजून बराच माल शिल्लक होता. उकळलं होतं ते ब्रेक ऑइल. दोन वर्षं बदललेलं नव्हतं. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑइलची हमी १५५ पर्यंतच असते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुमचा पाय ब्रेक दाबायचं सोडून ते बुडबुडे दाबत बसतो. हलकी गाडी असती तर तेच जुनं ऑइल कदाचित दिवसभर निभावलं असतं. मेहुण्यांना एवढा निरोप द्या : ट्रॅकला जायच्या आधी ऑइल बदलून घ्या. हे मी हात जोडून सांगते.

वळणाचं गणितही सरळ आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ७२ च्या वेगाने जायचं तर प्रत्येक किलोमागे रस्त्याकडून ठरावीक जोर मिळावा लागतो. किलो दुप्पट, तर जोर दुप्पट. टायरवर भार वाढला की त्याची पकडही वाढते, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. हलक्या गाडीचं सगळं गुपित या ‘थोडी कमी’मध्ये आहे. म्हणून एम५ ला पुढे २८५ मिलिमीटर रुंदीचे टायर लागतात आणि तुमचं काम २०५ वर भागतं. तुमच्या गाडीचे अरुंद टायर बघून लोक हसत असतील तर हसू द्या.

तेव्हा मेहुणे सरळ पट्ट्यापुरते खरे. ब्रेक मारल्यापासून पुन्हा फुल रेस देईपर्यंतच्या मधल्या भागात तुम्ही खरे, आणि बहुतेक ट्रॅकवर हा मधला भागच मोठा असतो.

प्रश्न : माझी गाडी १,४५० किलो, ३०० एचपी. गॅरेजवाले म्हणतात इंजिनचं ट्यूनिंग करून ४० एचपी वाढवून देऊ. दुसरा पर्याय म्हणजे तेवढ्याच खर्चात हलकी चाकं, हलक्या सीट, लिथियम बॅटरी असं करून ८० किलो उतरवायचे. काय करू?

उत्तर : तुम्हाला वाटेल ही वजनवाली बाई आहे, आता डोळे झाकून वजन उतरवा म्हणणार. पण हिशोब प्रामाणिकच करायला हवा.

नुसत्या पिकअपसाठी एक टक्का वजन कमी करणं आणि एक टक्का ताकद वाढवणं जवळपास सारखंच. तुमच्या गाडीत एक टक्का म्हणजे साडेचौदा किलो किंवा ३ एचपी. म्हणजे एका घोड्याची किंमत जवळजवळ पाच किलो. ४० एचपीची बरोबरी करायची तर १७० किलो उतरवावे लागतील. तुम्ही ८० म्हणताय. सरळ रस्त्यावर ट्यूनिंग जिंकतं, आणि चांगल्या फरकाने जिंकतं. फक्त हायवेवर ओव्हरटेक करताना मजा यावी एवढीच इच्छा असेल तर ट्यूनिंग करा.

वळणांचा रस्ता किंवा ट्रॅक असेल तर मी चाकांपासून सुरुवात करेन. चाक गाडीबरोबर पुढे तर जातंच, शिवाय स्वतःभोवती फिरतंही. म्हणून रेस देताना आणि ब्रेक मारताना टायरच्या अगदी बाहेरच्या कडेचा एक किलो दोन किलोंइतका जड लागतो. रिमचं वजन आतल्या बाजूला असतं, त्यामुळे तिथे दुपटीपेक्षा कमी. पण चाकाचा मोठा फायदा वेगळाच आहे. चाक, डिस्क, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकतं. खड्डा आला, उंचवटा आला की शॉकअब्सॉर्बरला हे वजन आवरायचं असतं. ते हलकं झालं की टायर रस्ता सोडत नाही. मी एकाच गाडीला सकाळी बारा किलोची आणि दुपारी नऊ किलोची चाकं लावून तोच खडबडीत उतार उतरले आहे. सकाळी स्टिअरिंग हातात थडथडत होतं आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकत होतं. दुपारी स्टिअरिंगमधून रस्त्याची बारीक खडी जाणवत होती, आणि नाक जिथे धरलं तिथे राहत होतं. इंजिनला हातही लावला नव्हता.

बॅटरी बदलणं सोपं काम आहे, बोनेट उघडायचं की झालं. दहा-बारा किलो सुटतात.

सीटच्या बाबतीत मात्र थांबा. विजेवर हलणारी सीट चांगली जड असते, अल्पाइनवाल्यांनी तिथेच १३ किलोची सीट बसवून बाजी मारली. पण तुमच्या सीटच्या बाजूत एअरबॅग असेल, बेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं असेल, तर रोजच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीतून ती काढू नका. वीस किलोसाठी ही किंमत मोजायची नाही. त्याऐवजी चांगले टायर आणि पॅड घ्या. त्यांनी वजन कमी होत नाही, पण आहे ते वजन नीट आवरता येतं.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे वजन असूनही ती हलकी वाटते. मग वजनाचा एवढा बाऊ कशाला?

उत्तर : हलकी वाटते हे बरोबर. वजन खाली असलं की गाडी वळणात कमी कलंडते, आणि आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर कमी सरकतो. हा खरा फायदा आहे. टेस्ला मॉडेल एस प्लेड हजारावर एचपीची आणि २,१६२ किलोची आहे. तिची पहिली ढकल भल्याभल्यांना गप्प करते. पण गाडी कमी कलंडली म्हणून किलो कमी होत नाहीत. रस्त्याकडून मागायचा जोर तेवढाच राहतो, आणि टायर झिजतात तेही तेवढेच. मोटर ब्रेकचं बरंच काम करते, त्यामुळे रोजच्या वापरात पॅड पुष्कळ टिकतात, हे तिच्या पदरात टाकायलाच हवं.

प्रश्न : माझ्या गाडीच्या वजनाचे तीन वेगवेगळे आकडे मला तीन ठिकाणी सापडले. कुठला धरू?

उत्तर : तिन्ही खरे असू शकतात, कारण मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत. ‘ड्राय’ म्हणजे पेट्रोल, ऑइल, पाणी काही न धरता. स्पोर्ट्‌स गाड्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा फार दिसतो, कारण तो सगळ्यांत लहान असतो. १९८७ ची फेरारी एफ४० ११०० किलोची म्हणतात ते ड्राय. त्या गाडीने मात्र हलकेपणा मनापासून केला होता. आत कार्पेट नाही, दार उघडायला हँडलच्या जागी नुसती दोरी. ‘डीआयएन’ म्हणजे द्रव पदार्थ आणि ९० टक्के भरलेली टाकी धरून, पण चालकाशिवाय. ‘ईयू’ म्हणजे तेच, अधिक चालक आणि थोडं सामान मिळून ७५ किलो. वर म्हटलेली एम५ डीआयएनने २,४३५ आणि ईयूने २,५१० भरते, ती याचमुळे. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत धरा, नाहीतर ७५ किलोंवरून उगाच भांडण व्हायचं.

पण मी तुम्हाला विचारेन, तुमच्या गाडीचं वजन कागदावरून का ठरवताय? माझ्याकडे चार चाकांखाली ठेवायचे चार काटे असायचे. एकजण गाडी घेऊन आला, माहितीपत्रकात १,३८५ किलो. काट्यावर भरली १,५१२. त्याला वाटलं माझे काटे बिघडलेत. आम्ही एकेक करून हिशोब लावला. टाकी फुल, ६४ लिटर, म्हणजे ४८ किलो. इंजिनचं ऑइल, कूलंट वगैरे २३. माहितीपत्रकातला आकडा हलक्या सीट आणि पातळ काचा घेतल्या तरच लागू होता, त्या याने घेतल्या नव्हत्या, त्याचे २८. मग डिकी उघडली. जॅक आणि पाने ११ किलो, ऑइलच्या डब्यांचा खोका ८ किलो, आणि तळाशी गाडीचं कव्हर, पावसात भिजलेलं, तसंच घडी घालून कोंबलेलं. ते एकटं काट्यावर ठेवलं तर ९ किलो. म्हणजे जवळजवळ दोन घोडे त्या ओल्या कव्हरने खाल्ले होते. त्या दिवशी त्याने फक्त डिकी रिकामी केली आणि टाकी निम्म्यावर ठेवून फिरला. परत आला तो हसतच.

नुसती बेरीज बघून थांबू नका. तुम्ही स्वतः सीटवर बसा, टाकी निम्मी ठेवा, टायरमध्ये नेहमीची हवा असू द्या, स्टिअरिंग सरळ धरा, आणि चारही काट्यांचे आकडे दुसऱ्या कुणालातरी टिपून घ्यायला सांगा. पुढचं डावं अधिक मागचं उजवं, ही कर्णाची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यायला हवी. एक-दोन टक्के इकडेतिकडे असेल तर गाडी एका बाजूच्या वळणात छान वळते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात नाक बाहेर टाकते, आणि लोक उगाच स्टिअरिंगला दोष देत बसतात. स्प्रिंगची उंची जुळवता येत असेल तर ही बेरीज निम्म्यावर आणता येते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. चारही आकडे, टायरचं माप आणि गाडीचं वर्ष लिहून पाठवा. कुठल्या कोपऱ्याची स्प्रिंग किती फिरवायची ते पुढच्या अंकात कळवते.